अंतराळातून परतल्यावर शरीराला पुन्हा वजनाची सवय कशी लावायची

सहा महिने अंतराळ स्थानकात काढून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंनी धरून चालवावं लागतं. आठवड्याभरात तो एकटा फिरायला लागतो आणि खरी गडबड तिथेच होते. चालता आलं म्हणजे शरीर पूर्ववत झालं, असं त्यालाही वाटतं आणि घरच्यांनाही. तोल बऱ्याच अंशी दोनेक आठवड्यांत सावरतो. स्नायूंना महिना-दीड महिना लागतो, तांबड्या पेशींना तीनेक महिने, आणि हाडांना वर्ष किंवा त्याहूनही जास्त. पुनर्वसनाचं वेळापत्रक या वेगवेगळ्या गतींना धरून आखायचं असतं.

इथे एक गोष्ट गृहीत धरली आहे: वर असताना रोज व्यायाम झाला आहे. १९७० साली सोयूझ ९ या सोव्हिएत यानातले दोघे फक्त १८ दिवसांनी परतले, तर त्यांना उभं राहणंही जड गेलं. पुढे १९९५ मध्ये रशियन अंतराळवीर व्हालेरी पोल्याकोव्ह ४३७ दिवसांनी उतरले आणि कुपीपासून, म्हणजे यानाच्या जमिनीवर उतरणाऱ्या भागापासून, जवळच्या खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी गेले. या दोन उतरण्यांमधला मोठा फरक व्यायामाचा. आज स्थानकावर रोजचे दोन-अडीच तास ट्रेडमिल, सायकल आणि वजन उचलण्याच्या यंत्रासाठी राखलेले असतात. ते बुडवले असतील तर खालचे सगळे आकडे वाढवून धरावेत.

उतरण्याआधी: मीठ, पाणी आणि घट्ट पट्टे

भारहीनतेत पायांतला द्रव वर सरकतो. चेहरा सुजतो, पाय काडीसारखे होतात. शरीर समजतं पाणी जास्त झालं आणि ते बाहेर टाकतं. रक्तद्रव, म्हणजे रक्तातला पातळ भाग, साधारण १० ते १५ टक्क्यांनी घटतो. वर त्याने काही अडत नाही. जमिनीवर उभं राहिलं की आहे तेवढं रक्त पायांत उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

म्हणून परतीच्या प्रवासात, उतरण्याच्या तासभर ते दोन तास आधी मीठपाणी पोटात जायला हवं. नासाच्या स्पेस शटल यानांच्या काळापासूनचं प्रमाण असं: दर किलो वजनामागे सुमारे १५ मिली पाणी, आणि ६० किलोच्या माणसाला साधारण ९०० मिली पाण्याबरोबर १ ग्रॅमच्या ८ मिठाच्या गोळ्या. हिशेब केला तर हे द्रावण सलाइनइतकंच खारट होतं आणि ते मुद्दामच तसं ठेवलं आहे. नुसतं पाणी प्यायलं तर ते लघवीवाटे निघून जातं. मीठ जास्त झालं तर मळमळ आणि जुलाब. फार आधी प्यायलं तर उतरेपर्यंत उपयोग संपतो. उतरणं एका फेरीने, म्हणजे सुमारे ९० मिनिटांनी पुढे गेलं, तर मात्रेची वेळ पुन्हा बसवावी लागते. गोळ्या एकदम गिळू नयेत. एक-दोन गोळ्या आणि वर पाणी, असं थोडं थोडं घ्यावं.

दाबाचे कपडे यानातच, सूटच्या आत घालायचे असतात. रशियन ‘केंतावर’ या संचात चड्डी आणि पोटऱ्यांचे पट्टे असतात, आणि ते नाड्यांनी आवळता येतात. पोटरी आणि मांडीबरोबर पोटाचा खालचा भागही आवळला जायला हवा, कारण बरंच रक्त तिथे साचतं. नुसते लांब मोजे त्यामुळे अपुरे पडतात. उतरल्यावर गरम होतं म्हणून सगळं एकदम उतरवणं ही नेहमीची चूक. पट्टे सैल करायचे ते आडवं पडल्यावर, आणि दाब दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने कमी करायचा.

पहिला तास

कुपीतून बाहेर काढताना माणूस शक्यतो आडवा किंवा टेकून बसलेला ठेवतात. खुर्चीत बसवून नेण्यात बडेजाव नाही. उभं करण्याचा क्रम ठरलेला आहे:

१. आडवं असतानाच नाडी आणि रक्तदाब मोजून लिहून ठेवा.
२. पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसवा. या वेळात पावलं वर-खाली हलवायला सांगा. पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर ढकललं जातं.
३. दोन्ही बाजूंना एकेक माणूस ठेवून उभं करा. पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला दाब मोजा.
४. वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, ओठ पांढरे पडले, जांभया येऊ लागल्या किंवा बोलता बोलता उत्तरं तुटक झाली, तर चर्चा न करता आडवं करा आणि पाय उंच ठेवा.

यातलं शेवटचं लक्षण फार उपयोगी आहे. चक्कर येतेय हे कबूल करायला अंतराळवीर सहसा तयार नसतात, पण वाक्यं आखूड झाली की समजावं.

नुसतं ताटकळत उभं राहणं हे चालण्यापेक्षा धोक्याचं. सप्टेंबर २००६ मध्ये नासाच्या अंतराळवीर हायडेमारी स्टेफनिशिन-पायपर बारा दिवसांच्या मोहिमेहून परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी स्वागत समारंभात भाषण करताना कोसळल्या. उभं राहावंच लागलं तर टाचा उचलणं, मांड्या आवळणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेणं चालू ठेवावं. समारंभ खुर्चीत बसूनही होतो.

मळमळीच्या औषधाबद्दल एक सावधगिरी. प्रोमेथाझीन उलटी थांबवतं, पण झोप आणतं आणि रक्तदाबही उतरवू शकतं. ते दिलं असेल तर उभं करण्याची घाई आणखी कमी करा. कुपी समुद्रात उतरली असेल तर लाटांचं हेलकावणंही त्यात मिसळतं.

डोकं कसं हलवायचं

आतल्या कानात कॅल्शियमचे सूक्ष्म खडे असतात. मान कलली की ते सरकतात आणि मेंदूला कल कळतो. भारहीनतेत मान कलून खडे सरकत नाहीत, ते सरकतात फक्त शरीर पुढे-मागे ढकललं गेलं तर. काही आठवड्यांत मेंदू हाच नवा अर्थ पक्का करतो. परतल्यावर बुटाची नाडी बांधायला माणूस नुसता वाकला, तरी आपण पुढे फेकले जातोय असं त्याला वाटतं आणि तो उलट दिशेला झोक देतो. पडतो तो असा.

पहिले काही तास मान आणि खांदे एकत्र वळवावेत, जणू गळपट्टा लावला आहे. वळायचं तर पावलं टाकून वळावं. पण हेच दोन दिवस चालू ठेवलं तर बरं व्हायला उशीर होतो, कारण चुकीचे संकेत मिळाल्याशिवाय मेंदू अर्थ बदलत नाही. दुसऱ्या दिवसापासून बसून सुरुवात करा: समोरच्या भिंतीवर एक खूण, नजर तिच्यावर रोखलेली, मान डावी-उजवीकडे थोडी, मग वर-खाली. मळमळ सुरू झाली की थांबा आणि ओसरल्यावर पुन्हा करा. उलटी होईपर्यंत ताणू नका. बाजूला कान खांद्याकडे नेण्याचा प्रकार सगळ्यांत शेवटी घ्या, तो बहुतेकांना सर्वांत जास्त त्रास देतो.

प्रगती मोजायला साधी चाचणी आहे: हात छातीशी बांधून, टाच-अंगठा जोडत १० पावलं. आधी डोळे उघडे, मग मिटून. डोळे मिटल्यावर जी पावलं चुकतात ती खरी अवस्था सांगतात, उघड्या डोळ्यांनी माणूस बरंच झाकून नेतो. सहा महिन्यांच्या मोहिमेनंतर अडथळ्यांच्या वाटेवर चालण्याचा वेग जवळजवळ पूर्ववत व्हायला सरासरी १५ दिवस लागतात. तोवर गाडी चालवणं, शिडी चढणं बंद. गाडीची परवानगी उड्डाण-वैद्याने द्यायची, स्वतः घ्यायची नाही.

रात्री बाथरूमला जाणं हा या काळातला सर्वांत धोक्याचा प्रवास. अंधारात डोळ्यांचा आधार नाही, झोपेतून उठल्याने दाब उतरलेला, आणि मूत्राशय रिकामं झालं की तो आणखी उतरतो. दिवा चालू ठेवावा, पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसावं, पुरुषांनीही बसूनच उरकावं. फार गरम पाण्याची आंघोळ आठवडाभर टाळावी. शॉवरखाली स्टूल ठेवावं.

हातांनाही सवय लागते ती वेगळीच. २०२५ मध्ये परतल्यावर शुभांशू शुक्ला यांनी लॅपटॉप बंद करून पलंगाशेजारी हवेत सोडून दिला, तो तरंगेल अशा समजुतीने. खाली गालिचा होता म्हणून निभावलं. पहिले काही दिवस गरम पेयाचा कप झाकणाचा असावा.

पंचेचाळीस दिवस

नासाचा कार्यक्रम ४५ दिवसांचा, रोज दोन तास, आठवड्याचे सातही दिवस. पहिल्या टप्प्यात चालणं, ताण देणं आणि हलकी ताकद. दुसऱ्यात तोलाचे व्यायाम आणि दम वाढवणं. तिसरा सर्वांत लांब, त्यात धावणं, दिशा बदलणं, चेंडू फेकणं-झेलणं अशा रोजच्या कामाच्या हालचाली. फोमच्या गादीवर एका पायावर उभं राहून चेंडू झेलता आला की दुसरा टप्पा संपत आला म्हणायचं.

सुरुवात खुर्चीवरून उठण्या-बसण्याने करा. ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या. बसताना सावकाश, कारण उतरत्या हालचालीतच स्नायू जास्त दुखावतो. म्हणूनच जिना चढण्यापेक्षा उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. तळवेही मऊ झालेले असतात. वर चालणंच नसल्याने टाचेचं घट्ट कातडं गळून पडतं, तेव्हा जाड तळाचे बूट घाला आणि अनवाणी चालणं हळूहळू वाढवा.

दम लागण्याचं कारण कधी स्नायूंत नसतं, रक्तात असतं. अंतराळात तांबड्या पेशी नेहमीपेक्षा वेगाने, सेकंदाला २० लाखांऐवजी सुमारे ३० लाख, नष्ट होतात. वर रक्तद्रवही कमी असल्याने ते लपून राहतं. खाली आल्यावर द्रव लवकर भरतो, पेशी भरत नाहीत, आणि हिमोग्लोबिन उतरलेलं दिसतं. अशा वेळी वेग वाढवून उपयोग नाही. नाडी बघून व्यायाम कमी-जास्त करा.

पाठ आणि हाडं

मणके वर ताणले जातात, उंची ३ टक्क्यांपर्यंत वाढते आणि परतल्यावर काही दिवसांत मूळ मापावर येते. मधल्या गाद्या मात्र फुगलेल्या, आणि त्यांना सांभाळणारे पाठीचे खोल स्नायू बारीक झालेले. अंतराळवीरांत गादी सरकण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट आढळलं आहे, आणि परतल्यानंतरचं पहिलं वर्ष विशेष जोखमीचं. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत आणि हाताने रेटून बसावं. कमरेत वाकून उचलणं नाही, वजन हातात असताना पिळणं नाही, सकाळी उठल्या उठल्या तर मुळीच नाही. विमानतळावर धावत येणाऱ्या मुलाला उचलून घ्यायचा मोह फार असतो. खुर्चीत बसावं आणि मूल मांडीवर द्यायला सांगावं.

व्यायामाशिवाय खुब्याचं आणि कण्याचं हाड महिन्याला १ ते १.५ टक्का झिजतं. आजच्या यंत्रांमुळे ते प्रमाण बरंच खाली आलंय, पण १७ अंतराळवीरांच्या पाहणीत ९ जणांच्या नडगीचं हाड वर्षभरानेही पूर्ण भरलं नव्हतं. ४५ दिवस संपल्यावर स्नायू जोमात असतात आणि माणूस उड्या मारायला, फुटबॉल खेळायला निघतो, तेव्हा हाड अजून मागेच असतं. भार वाढवायचा तो वजनांनी, आपटण्याने नाही. उड्या आणि धक्काबुक्कीचे खेळ हाडांचा स्कॅन पाहून मगच. प्रथिनं, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम नेमाने, आणि पाणी इतकं की दिवसाची लघवी दोन लिटरच्या खाली जाऊ नये, कारण हाडातून सुटलेलं कॅल्शियम मूत्रपिंडात खडा धरतं. पहिल्या काही आठवड्यांत कुशीत अचानक कळ आली तर ती व्यायामाची समजून अंगावर काढू नका, त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या.