लोकल संगणकावरून शेअर्ड होस्टिंगवर संकेतस्थळ हलवताना या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद-बेदाण्याचे व्यापारी, गणपती पेठेतील दुकानदार किंवा विश्रामबागेतील क्लासचालक यांची संकेतस्थळे बहुधा घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या तरुणाच्या संगणकावर तयार होतात. विंडोज, त्यावर झॅम्प (घरच्या संगणकालाच सर्व्हर बनवणारा संच) आणि त्यात वर्डप्रेस (संकेतस्थळ बांधण्याची प्रणाली) अशी ती मांडणी असते. तिथे सगळे सुरळीत चालते. पण तेच संकेतस्थळ शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक संकेतस्थळांनी वाटून घेतलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर, चढवले की कधी कोरे पान उघडते, कधी छायाचित्रे गायब होतात, तर कधी मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. अशा वेळी सगळे पुसून पुन्हा अपलोड करण्याची घाई केली जाते आणि दोष नेमका कुठे होता याचा पुरावाही त्यासोबत पुसला जातो. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी होस्टिंगच्या पॅनेलमधील एरर लॉग (चुकांची नोंदवही) उघडून त्यातील शेवटच्या ओळी वाचाव्यात. कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर काम थांबले, हे तिथे बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेले असते.

डेटाबेसचे जुने तपशील तसेच ठेवणे

झॅम्पमध्ये डेटाबेसचा वापरकर्ता ‘रूट’ असतो आणि पासवर्ड रिकामा असतो. शेअर्ड होस्टिंगवर हे चालत नाही. सीपॅनेल या होस्टिंग सांभाळण्याच्या पॅनेलमध्ये डेटाबेस आणि वापरकर्ता या दोन्ही नावांच्या आधी आपल्या खात्याचे नाव आणि अधोरेखा आपोआप जोडली जाते, आणि ते पूर्ण नावच वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहावे लागते. शिवाय वापरकर्ता तयार करणे पुरेसे नसते. त्याला त्या डेटाबेसशी जोडून सर्व अधिकार द्यावे लागतात. ही शेवटची पायरी फार वेळा राहून जाते आणि मग पासवर्ड बरोबर असूनही डेटाबेसशी संपर्क होत नसल्याचा संदेश येत राहतो.

पत्ता बदलण्यासाठी नोटपॅड वापरणे

वर्डप्रेस स्वतःचा पत्ता डेटाबेसमध्ये साठवते. तो बदलला नाही, तर मुखपृष्ठ उघडताच ब्राउझर पुन्हा ‘लोकलहोस्ट’कडे, म्हणजे आपल्याच संगणकाकडे, धाव घेतो. यावर उपाय म्हणून अनेक जण डेटाबेसमधून निर्यात केलेली एसक्यूएल फाइल नोटपॅडमध्ये उघडतात आणि जुन्या पत्त्याच्या जागी नवा पत्ता एका झटक्यात घालतात. येथेच मोठे नुकसान होते. थीमची मांडणी, विजेट आणि अनेक प्लगइनच्या सेटिंग वर्डप्रेस अशा स्वरूपात साठवते, की प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची लांबी आकड्यात लिहिलेली असते. जुना पत्ता 22 बाइटचा असेल, तर त्याआधी 22 हा आकडा असतो. नवा पत्ता 27 बाइटचा झाला आणि आकडा 22 च राहिला, तर पीएचपी (वर्डप्रेसची प्रोग्रामिंग भाषा) ती नोंद वाचू शकत नाही आणि ती सेटिंग रिकामी असल्यासारखे वागते. संकेतस्थळ उघडते, पण मेनू, स्लायडर किंवा पानाची मांडणी नाहीशी झालेली असते. आकडे हाताने दुरुस्त करण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये, कारण ही लांबी अक्षरांत न मोजता बाइटमध्ये मोजतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते; ‘हळद’ हा तीन अक्षरांचा शब्द तिथे 9 भरतो. पत्ता बदलण्यासाठी डब्ल्यूपी-सीएलआय या आज्ञांनी वर्डप्रेस हाताळण्याच्या साधनाची सर्च-रिप्लेस आज्ञा किंवा ही रचना ओळखणारे प्लगइनच वापरावे.

मराठी मजकूर बिघडल्यावर पुढे काम करत राहणे

मराठी संकेतस्थळासाठी मला हा दोष सर्वांत गंभीर वाटतो आणि त्याच्या दोन प्रकारांत फरक करणे अत्यंत आवश्यक आहे. मजकुराच्या जागी रोमन ‘ए’वर तिरपी रेघ आणि त्यामागे चलनांच्या खुणा अशी विचित्र अक्षरे दिसत असतील, तर मूळ बाइट बहुधा शाबूत असतात; ते चुकीच्या अक्षरसंचातून वाचले जात असतात. आयात करताना आणि कॉन्फिग फाइलमध्ये ‘यूटीएफ8एमबी4’ हा संच नेमला की बहुतेक वेळा मराठी पूर्ववत दिसते. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील, तर मात्र तो मजकूर त्या प्रतीतून कायमचा गेलेला असतो. तेव्हा तिथेच थांबावे, आयात केलेली कोष्टके काढून टाकावीत आणि मूळ संगणकावरून नव्याने निर्यात घ्यावी. पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत) बाणाच्या चिन्हाने डंप, म्हणजे डेटाबेसची निर्यात, फाइलमध्ये वळवणाऱ्यांनी विशेष जपावे; विंडोजसोबत येणारे पॉवरशेल ती फाइल यूटीएफ-16 मध्ये लिहिते आणि आयात फसते. डंपच्या आज्ञेला रिझल्ट-फाइल हा पर्याय देऊन फाइल थेट लिहून घ्यावी.

आयात 1273 क्रमांकाची चूक दाखवून थांबली आणि संदेशात 0900 असलेले कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम) दिसले, तर संगणकावर मायएसक्यूएल 8 ही डेटाबेस प्रणाली आणि होस्टिंगवर जुने मायएसक्यूएल किंवा त्याच जातीचे मारियाडीबी आहे असे समजावे. एसक्यूएल फाइलची प्रत काढून तिच्यात त्या नावाऐवजी ‘यूटीएफ8एमबी4_युनिकोड_सीआय’ हे रोमन लिपीत घालावे. येथे फक्त कोष्टकांच्या व्याख्या बदलतात, त्यामुळे साधा शोध-बदल चालतो.

फाइलींच्या नावांत लहान-मोठ्या अक्षरांची गल्लत

विंडोजला रोमन लिपीतील लहान आणि मोठ्या अक्षरांत फरक वाटत नाही. होस्टिंगवरील लिनक्सला वाटतो. राजापुरी हळदीच्या छायाचित्राच्या नावात शेवटचे ‘जेपीजी’ कॅमेऱ्याने मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, पानात ते लहान अक्षरांत टाकले जाते, घरच्या संगणकावर छायाचित्र दिसते आणि सर्व्हरवर 404, म्हणजे ‘सापडले नाही’ असा संदेश, येते. मराठीत नावे दिलेल्या फाइली झिप उघडताना बिघडू शकतात. सर्व नावे लहान रोमन अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन ठेवावीत आणि हे काम अपलोडपूर्वीच करावे.

एचटीअॅक्सेस फाइल विसरणे

मुखपृष्ठ उघडते, पण सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची माहिती देणारे आतील पान 404 दाखवते, असे झाले तर ही सर्व्हरला पत्त्यांचे नियम सांगणारी फाइल तपासावी. तिचे नाव टिंबाने सुरू होत असल्याने फाइल मॅनेजरमध्ये ती लपलेली असते. संगणकावर संकेतस्थळ एखाद्या उपफोल्डरमध्ये असेल, तर त्या फोल्डरचे नाव तिच्या नियमांत उरलेले असते. वर्डप्रेसच्या पर्मालिंक (पानांच्या पत्त्यांची रचना) पानावर जाऊन काहीही न बदलता जतन केले, की नियम नव्याने लिहिले जातात. कोणी वाचावे आणि कोणी बदलावे हे ठरवणारी परवानगी फाइलींना 644 आणि फोल्डरना 755 ठेवावी; ‘चालत नाही’ म्हणून 777 (सर्वांना सर्व अधिकार) दिल्यास अनेक होस्टिंगवर उलट 500 ची, म्हणजे सर्व्हरमधील अंतर्गत, चूक येते.

मेलचा विचार न करता नेमसर्व्हर बदलणे

डोमेन आधीपासून वापरात असेल आणि त्यावर व्यापाऱ्याचा ई-मेल चालत असेल, तर नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर) बदलताच मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या जुन्या एमएक्स नोंदी निरुपयोगी होतात आणि बाहेरगावच्या खरेदीदारांच्या चौकशीचे मेल पोचणे थांबते. संकेतस्थळ छान दिसत असल्याने हे कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे जुन्या डीएनएस नोंदी उतरवून नव्या पॅनेलमध्ये आधीच भराव्यात, किंवा नेमसर्व्हरला हात न लावता केवळ ए नोंद (डोमेनचा आयपी पत्ता सांगणारी) बदलावी. बदलाच्या आदल्या दिवशी त्या नोंदीचा टीटीएल (ती लक्षात ठेवण्याचा काळ) 300 सेकंदांवर आणल्यास जुना पत्ता लवकर विसरला जातो. तोवर आपल्या संगणकावरील होस्ट्स फाइलमध्ये डोमेन आणि नव्या सर्व्हरचा आयपी लिहून संकेतस्थळाची प्रत्येक पानावर जाऊन तपासणी करता येते. तपासणी झाल्यावर ती ओळ काढून टाकावी, अन्यथा पुढे सर्व्हर बदलला तरी आपल्याला जुनाच दिसत राहील.