कुंडीत खत आहे, पण मुळापर्यंत पोचतंय का? या चुका टाळा

पावसाळा अर्ध्यावर आला की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या गॅलऱ्यांमधून एकच तक्रार ऐकू येते: पानं पिवळी पडली. नर्सरीवाला एक पुडी हातात देतो, शेजारच्या काकू केळ्याच्या सालीचं पाणी घालायला सांगतात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी युरिया सुचवतं. आठवडाभरात तिन्ही गोष्टी कुंडीत जातात आणि झाड आणखी खंगतं. मुळं कशी आहेत हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं. माझं ठाम मत आहे की आपल्याकडच्या कुंड्यांमधली बरीचशी पिवळी पानं खत कमी पडल्यामुळे येत नाहीत. अन्नद्रव्य मातीत असतं, मुळाला ते आत घेता येत नाही.

झाडाला 17 मूलद्रव्यं अत्यावश्यक मानली जातात. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन हवेतून आणि पाण्यातून येतात. उरलेली 14 बहुतांशी मातीतून. त्यांपैकी नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गंधक जास्त प्रमाणात लागतात. लोह, जस्त, मँगनीज, तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन आणि निकेल अगदी नाममात्र. शेणखताचा कण मूळ जसाच्या तसा शोषू शकत नाही. त्यातली द्रव्यं सुटी होऊन, पाण्यात विरघळून, मुख्यतः विद्युतभारित कणांच्या, म्हणजे आयनांच्या, रूपात मुळाशी यावी लागतात. नत्र मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियम होऊन येतं, पालाश पोटॅशियम आयन होऊन.

मुळाच्या टोकाच्या जरा मागे केसांसारखे बारीक मूलरोम असतात. शोषणाचं बरंचसं काम तिथे चालतं. मूलरोमाच्या पेशीचं आवरण आयनांना सहजासहजी आत सोडत नाही. पेशी ऊर्जा खर्च करून हायड्रोजन आयन बाहेर ढकलते आणि त्यातून तयार झालेल्या विद्युत फरकाच्या जोरावर पोटॅशियम, नायट्रेट, फॉस्फेट आत ओढते. ही ऊर्जा येते पानांनी पाठवलेल्या साखरेतून, आणि ती साखर वापरायला मुळाला ऑक्सिजन लागतो. खताची पिशवी उघडण्याआधी एवढं ध्यानात घ्या, कारण पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

चूक पहिली: बुडालेल्या मुळांना खत घालणं

ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ग्रिलमधल्या कुंडीखाली ट्रे असतो, ट्रेमध्ये पाणी साचतं, कुंडीचं भोक मुळांनी किंवा चिखलाने बुजलेलं असतं. मातीतल्या पोकळ्यांमधली हवा निघून जाते आणि तिथे पाणी बसतं. ऑक्सिजन पाण्यातून फार हळू पसरतो, त्यामुळे मूळ गुदमरतं. माती ओलीचिंब असताना झाड मान टाकतं ते यामुळे. खालची पानं पिवळी पडतात, कारण नत्र वर चढत नाही. त्यात भर म्हणजे पाणी साचलेल्या मातीतले जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात, आणि जे नायट्रेट उरतं ते पाण्याबरोबर भोकातून वाहून जातं. अशा कुंडीत युरिया टाकणं म्हणजे आजारी मुळांवर क्षारांचं ओझं वाढवणं.

मुळाला हवा किती गरजेची असते ते पाहायचं असेल तर ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या खाडीकाठी तिवरांकडे बघा. चिखलातून पेन्सिलीसारख्या उभ्या काड्या हजारोंनी वर आलेल्या दिसतात. ती त्या झाडाची श्वसनमुळं. खाडीच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून तिवर मुळं वर पाठवून हवा घेतं. आपल्या जास्वंदीकडे, मोगऱ्याकडे किंवा कढीपत्त्याकडे ही सोय नाही. त्यांना वाफसाच हवा: ओल आहे आणि हवाही आहे, अशी माती.

काय करायचं? ट्रे काढा. कुंडी दोन विटांवर किंवा स्टँडवर उचलून ठेवा. खालच्या भोकातून काडी घालून वाट मोकळी करा. पाणी थांबवा, आणि पाऊस थेट पडत असेल तर काही दिवस कुंडी आत ओढा. झाड फारच खंगलं असेल तर अलगद कुंडीतून काढून मुळं बघा. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट आणि टणक असतात. तपकिरी, मऊ, कुबट वास येणारी मुळं कापून टाका आणि गांडूळ खत व जाडसर वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मातीत झाड पुन्हा लावा. नवी पालवी दिसेपर्यंत कोणतंही रासायनिक खत नको. या काळात झाडाला खाऊ घालायची घाई हीच सगळ्यात महागात पडते.

चूक दुसरी: "पानं पिवळी" एवढंच बघणं

कुठली पानं पिवळी पडली, हे आधी विचारा. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं झाडाच्या आत फिरू शकतात. कमी पडली की झाड ती जुन्या पानांमधून काढून नव्या शेंड्याला देतं, म्हणून लक्षण आधी खालच्या पानांवर दिसतं. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन एकदा पानात बसले की सहसा हलत नाहीत, त्यामुळे त्यांची कमतरता नव्या पानांवर आणि शेंड्यावर दिसते. गंधकाचंही पुष्कळदा असंच होतं.

खालची पानं सबंध फिकट पिवळी, वाढ मंद: नत्र. खालच्या पानांच्या शिरा हिरव्या पण मधला भाग पिवळा: मॅग्नेशियम. खालच्या पानांच्या कडा करपल्यासारख्या: पालाश, पण क्षार साचल्यावरही कडा अशाच जळतात, तेव्हा कुंडीच्या काठावर पांढरा थर आहे का ते आधी पाहा. रोप खुरटलेलं, पानं काळपट हिरवी, कधी जांभळट झाक: स्फुरद. कोवळी पानं पिवळी आणि शिरांची हिरवी जाळी स्पष्ट: लोह. लिंबाची नवी पानं बारीक, अरुंद, ठिपकेदार आणि पेरं जवळ जवळ आलेली: बहुतेक वेळा जस्त. शेंडाच वाळत असेल तर कॅल्शियम किंवा बोरॉनचा विचार करा.

झाडाचं एखाददुसरं अगदी तळचं पान पिवळं होऊन गळणं ही साधी गोष्ट आहे, त्यावर औषध शोधू नका. आणि लक्षण ओळखता आलं म्हणजे तेच द्रव्य मातीत नाही असंही नाही. मुळं कुजलेली असतील तर सगळ्याच द्रव्यांची कमतरता दिसते.

चूक तिसरी: सामू न बघता लोह घालणं

घोडबंदर रोड, खारघर, उलवे अशा भागांत बांधकाम सतत चालू असतं. सोसायटीच्या आवारातल्या मातीत सिमेंटचा चुरा, प्लास्टरचे तुकडे, विटांचा भुगा सापडतो, आणि तीच माती भरून लोक कुंड्या तयार करतात. सिमेंटमधल्या चुन्याने मातीचा सामू, म्हणजे पीएच, वर जातो. बऱ्याच झाडांना 6 ते 7 च्या दरम्यानचा सामू मानवतो. तो साडेसातच्या पुढे गेला की मातीत लोह भरपूर असूनही ते न विरघळणाऱ्या रूपात अडकतं. इक्झोरा, जास्वंद आणि मोगऱ्याची कोवळी पानं मग पिवळी पडतात.

अशा वेळी कुंडीत गंजके खिळे पुरायचा सल्ला हमखास मिळतो. गंज हेच मुळी लोहाचं न विरघळणारं रूप आहे. झाड मुळाभोवती आम्ल सोडून आणि लोहाचं रूप बदलून थोडंफार लोह मिळवतं, पण चुनखडीयुक्त मातीत ते आम्ल लगेच निष्प्रभ होतं. शक्य असेल तर डेब्रिज असलेली माती बदलाच. तात्पुरता उपाय म्हणून चिलेटेड लोह, म्हणजे अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं विद्राव्य लोह, वापरा. मातीतून द्यायचं असेल तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलंय का ते बघा, कारण ईडीटीए प्रकारचं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही. फवारणीसाठी मात्र ते चालतं. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस ओतू नका. परिणाम थोडा वेळ टिकतो आणि मुळांना इजा होते.

एक गोष्ट इथेच सांगतो. चांगली माती हवी म्हणून येऊरच्या जंगलातून माती उचलू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथली माती आणि पालापाचोळा ही तिथल्या झाडांची शिदोरी आहे, आणि ती उचलणं कायद्यालाही धरून नाही.

चूक चौथी: जास्त खत म्हणजे जास्त वाढ

सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट या युरोपीय शास्त्रज्ञांनी 200 पौंड कोरडी माती भरून त्यात विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन सुमारे 164 पौंडांनी वाढलं, माती फक्त 2 औंसांच्या आसपास घटली. सगळं वजन पाण्यातून आलं, असा त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. हवेतला कार्बन त्यांच्या हिशेबात नव्हता. पण मातीतून जाणारी खनिजं किती थोडी असतात, हे त्या 2 औंसांवरून समजतं.

आता दहा इंची कुंडीत मूठभर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट हे रासायनिक खत) टाकलं तर काय होईल? डीएपीमध्ये 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद असतं, आणि एवढे क्षार कुंडीतल्या जेमतेम पाण्यात विरघळतात. मीठ लावून ठेवलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं, तसं मुळांमधलं पाणी बाहेर ओढलं जातं. माती ओली असून पानांचे शेंडे आणि कडा जळतात. शिवाय द्रव्यं एकमेकांची वाट अडवतात: पालाश फार झालं की मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कमी शोषलं जातं, स्फुरद फार झालं की जस्त आणि लोह. म्हणून पालाश ओतत राहिलेल्या कुंडीत मॅग्नेशियमची लक्षणं दिसू शकतात, आणि मग त्यावर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घातलं जातं. त्याऐवजी पालाश थांबवा.

पाण्याचाही हिशेब धरा. टँकरवर किंवा बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये, विशेषतः खाडीजवळ, पाण्यातच क्षार जास्त असू शकतात. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि क्षार कुंडीत उरतात. उपाय सोपा आहे: कुंडीच्या आकारमानाच्या साधारण दुप्पट साधं पाणी हळूहळू ओता आणि सगळं खाली निथळू द्या. पहिल्या दोन-चार चांगल्या पावसांत कुंड्या बाहेर ठेवल्या तर हेच काम फुकट होतं, फक्त भोकं मोकळी हवीत. 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी 19 टक्के) सारखं विद्राव्य खत लिटरभर पाण्यात एक ते दोन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही वाढीच्या काळात आणि ओलसर मातीतच द्या.

स्वयंपाकघरातलं खत

अंड्याचं कवच म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. मोठे तुकडे मातीत वर्षानुवर्षं तसेच राहतात. बारीक पूड करून कंपोस्टमध्ये घातली तर उपयोग होतो. सामू आधीच जास्त असलेल्या कुंडीत तीही नको. दूध-साखरेच्या चहाचा चोथा धुऊन, वाळवूनच घ्या, नाहीतर मुंग्या आणि बुरशी. केळ्याच्या सालीत पालाश आहे, पण ती कुजल्यावरच मुळाच्या कामाची. आणि लाकडाचा भुसा किंवा सुका पाला कच्चा मिसळू नका: तो कुजवताना सूक्ष्मजीव मातीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात आणि झाड काही आठवडे पिवळं पडतं. वरून आच्छादन म्हणून मात्र सुका पाला उत्तम.

निव्वळ कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, झाड जगेल अशी अपेक्षा ठेवू नका. ते पाणी धरतं, पण अन्न जवळजवळ देत नाही, आणि न धुतलेलं असेल तर त्यात सोडियम असतं.

टोमॅटोच्या फळाचा बूड काळा पडला तर लोक लगेच कॅल्शियम आणतात. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर जातं आणि पानांतून बाष्पीभवन जास्त होत असल्याने तिकडे आधी वळतं. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी चिंब असं पाणी मिळालं की फळ उपाशी राहतं. पाणी रोज सारखं ठेवा, बहुतेक वेळा नवी फळं चांगली येतात.

तपासणीचं काय?

चार कुंड्यांसाठी प्रयोगशाळा गाठायची गरज नाही. पण सोसायटीच्या आवारात मोठी बाग करणार असाल तर मातीची चाचणी जरूर करा. सरकारच्या मृद आरोग्य पत्रिकेत (माती तपासणीच्या अहवालात) 12 गोष्टी तपासल्या जातात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज आणि बोरॉन. आपल्या बागेसाठी यांतला सामू आणि क्षारता आधी वाचा. नमुना घेताना आठ-दहा ठिकाणी साधारण 15 सेंटिमीटर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करा, त्याच्या बाजूचा पातळ थर काढा, सगळी माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवा आणि स्वच्छ पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या गोणीत नमुना भरू नका, झाडाच्या बुंध्याजवळून किंवा भिंतीलगतच्या डेब्रिजमधून घेऊ नका, आणि नुकतंच खत घातलं असेल तर दोन-तीन महिने थांबा.