बाणाचा अर्थ आधी लिहून ठेवा
दिशायुक्त जाळ्याचे, म्हणजे घटकांना बाणांनी जोडणाऱ्या जाळ्याचे, प्रारूप उभारताना बाण नेमका काय दाखवतो, हे माहिती भरण्यापूर्वीच एका वाक्यात लिहून ठेवावे. अन्नजाळ्यात गवताकडून सशाकडे जाणारा बाण ऊर्जेचा प्रवाह दाखवतो, पण ‘कोण कोणाला खातो’ असा अर्थ घेतला की तोच बाण उलटा होतो. दिशा चुकली तरी संगणक तक्रार करत नाही. पेजरँकसारखे, म्हणजे येणाऱ्या बाणांवरून घटकाचे महत्त्व ठरवणारे, गणित मुकाट्याने भलत्याच घटकाला महत्त्व देऊन मोकळे होते. म्हणून जोडण्यांच्या सारणीत बाणाचा उगम ओळीत आहे की स्तंभात, हे दोन-तीन ओळखीच्या जोड्या हाताने तपासून पाहावे. शिवाय एकाच जाळ्यात दिशा असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही जोडण्या असू शकतात: सी. एलिगन्स कृमीच्या 302 चेतापेशींच्या जाळ्यात रासायनिक जोडण्यांना दिशा असते, विद्युत जोडण्या मात्र सहसा दुतर्फा धरतात.