केबल काढून ॲपवर लाईव्ह टीव्ही घेताय? पहिले घरच्यांची यादी करा

केबल बंद करायची ठरली की आपण सगळे पहिले प्लॅनचे पैसे पाहतो, ते सगळ्यात शेवटी पाहा. दोन दिवस फक्त कोण किती वाजता काय पाहतं ते कागदावर लिहा. आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरी यादी निघाली एवढीशी, आईच्या संध्याकाळच्या मालिका, बाबांच्या बातम्या आणि मॅच, बस्स. बाकीचे चॅनल कोणी लावतच नव्हतं.

आता यादी जुळवा. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी फाइव्हवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. म्हणजे आईला प्रवाह पण पाहिजे अन् झी पण, तर एका ॲपमध्ये भागत नाही, दोन घ्यावेच लागतात, मग केबलपेक्षा स्वस्त पडून राहिलं का ते तेव्हाच मोजा. बातम्यांसाठी मात्र एक रुपया देऊ नका, एबीपी माझा, टीव्ही नाईन मराठी यूट्यूबवर फुकट लाईव्ह असतात. आणि तुमच्या मोबाईल रिचार्जमध्ये किंवा फायबरच्या प्लॅनमध्ये एखादं ॲप आधीच आलेलं असतं, ते पाहून घ्या, लोक तेच परत विकत घेतात.

मी स्वतः फसलो ते ॲपच्या मोबाईल प्लॅनमध्ये. स्वस्त दिसला म्हणून घेतला, घरी येऊन पाहतो तर टीव्हीवर चालतच नाही, फक्त फोनवर. म्हणून पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी वाचाच: टीव्हीवर चालते का, एका वेळी किती स्क्रीन, आणि चॅनल खरंच लाईव्ह आहे की नुसते एपिसोड टाकतात.

वर्षाचा प्लॅन लगेच घेऊ नका, महिन्याचा असेल तर तोच घ्या आणि रात्री आठ ते दहा लावून पाहा, काहून की तेव्हाच अख्खी कॉलनी नेटवर असते. एचडीला साधारण 5 एमबीपीएस स्थिर स्पीड लागतो, फोरकेला 25 च्या आसपास. मॅचवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा, ॲपवरचं चित्र डिशच्या मागं असतं, इथल्या जामठा स्टेडियमला मॅच होती तेव्हा शेजारी विकेटवर ओरडले अन् आमच्याकडे बॉलर अजून धावूनच राहिला होता. बाबांना ते अजिबात सहन होत नाही, तुमच्या घरी असं कोणी असेल तर आधीच विचार करा.

मे महिन्यात लाईट जाते तेव्हा टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो पण राउटर बंद पडतो, त्यामुळे राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम आहे.

पैसे भरताना बहुतेक वेळा ऑटोपे चालू होतो, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापले जातात. पैसे कापायच्या किमान 24 तास आधी मेसेज येतो, तो वाचत जा. नको असेल तर यूपीआय ॲपमध्ये जाऊन मँडेट (पैसे कापायची दिलेली परवानगी) रद्द करा, नुसतं ॲप डिलीट करून काही होत नाही.

आणि जिथं नेटच धड नाही तिथं हा सगळा खटाटोप करूच नका. नागपुरातल्याच महाल भागात आजीकडे आम्ही डीडी फ्री डिश बसवली, छत्री आणि बॉक्सचे एकदाच पैसे, महिन्याचं काही नाही, सह्याद्री लागते आणि तिला तेवढंच पाहिजे होतं.