प्लेअर पियानोसाठी लिहायचंय? आधी हातावर लय धरा

नाशिकमध्ये प्लेअर पियानो कुठं मिळेल, असं नवीन मुलं विचारतात. मी इथं अजून एकही पाहिला नाही आणि त्यावाचून माझं अडलंही नाही. हा आपोआप वाजणारा पियानो. मूळ यंत्रात भोकं पाडलेला कागदी रोल सरकतो, भोक आलं की हवा ओढली जाते आणि हातोडी तारेवर पडते. आपल्या पेटीचा भाता हवा फुंकतो, इथला ओढतो. आज तीच भोकं मिडीच्या (संगणकाला सूर कळवणाऱ्या पद्धतीच्या) जाळीत माउसनं भरता येतात, त्यामुळं साधा लॅपटॉप पुरतो.

ऐकायला सुरुवात कॉनलन नॅनकॅरो या संगीतकारापासून करा. जन्म १९१२ चा, अमेरिकेतला. स्पेनच्या यादवी युद्धात लढून आला आणि १९४० मध्ये मेक्सिकोला गेला. वादकांच्या हाताला न झेपणाऱ्या लयी त्याला हव्या होत्या, म्हणून त्यानं भोकं पाडायचं यंत्रच बनवून घेतलं आणि पुढं कित्येक दशकं एकेक भोक हातानं पाडत बसला. प्लेअर पियानोसाठीच्या त्याच्या पन्नासेक रचना, म्हणजे 'स्टडी' आहेत. पहिल्यांदा २१ वी ऐका: एक आवाज (म्हणजे सुरांची एक स्वतंत्र ओळ) सावकाश सुरू होऊन वेग घेत जातो, दुसरा सुसाट निघून मंदावतो. मग ३६ वी, चार आवाज, वेग १७:१८:१९:२० या प्रमाणात. बारा आवाजांच्या ३७ व्या स्टडीवर थेट उडी मारू नका, नुसता गलका ऐकू येईल.

तबला शिकलेल्यांना इथं आयती शिदोरी आहे. चार मात्रांत पाच म्हणजे आपली कुआड. तीच घेऊन पहिला कॅनन बांधा, म्हणजे एकच सुरावट दोन आवाजांत, इथं वेगवेगळ्या वेगानं. शंभर मात्रांची एक सुरावट घ्या. मिनिटाला ६० मात्रांनी ती १०० सेकंदांत संपते, ७५ नं ८० सेकंदांत. दोघांनी एकत्र संपायचं तर वेगवान आवाज २० सेकंद उशिरा सोडा. ठोके अधूनमधून जुळतीलच, पण सुरावटीची तीच जागा दोन्ही आवाजांत एकाच वेळी फक्त शेवटी येते. आपली सम आवर्तनागणिक भेटते, ही एकदाच. म्हणून त्या क्षणाआधीच्या दहा सेकंदांवर सगळी मेहनत घ्या. बाकीचं गणित आपोआप चालतं.

आवाज कोरडा ठेवा. रिव्हर्ब (खोलीतल्यासारखी घुमणारी गुंज) टाकलात की दोन लयींचा चिखल होतो. नॅनकॅरोनं हातोड्यांवर चामडं आणि धातू बसवले ते आघात ठसठशीत यावा म्हणूनच. दोन आवाज वेगवेगळ्या सप्तकांत ठेवा, नाहीतर कान कुणाला धरावं या गोंधळात पडतो.

घरचे पैशाचं विचारणारच. माझं पोट भक्तिगीतांच्या आणि जाहिरातींच्या एडिटिंगवर चालतं, कॅनन रात्री. पण मिलिसेकंदात ऐकायची सवय लागली की एडिटिंगची कामं पटापट उरकतात, स्टुडिओवाले पुन्हा बोलावतात. खुद्द नॅनकॅरोला मॅकआर्थर फेलोशिप, ही अमेरिकेतली मोठ्या रकमेची शिष्यवृत्ती, मिळाली १९८२ मध्ये, सत्तरीला टेकल्यावर. तेव्हा आधी नोकरी शोधा, आणि ती शक्यतो ध्वनीशी संबंधित असू द्या.