वर्ल्ड ऑफ लाइट: कंटाळा न येता कसं संपवायचं

मे महिन्यात पुण्या-मुंबईची भावंडं इंदुरात उतरतात, आणि घरात निंटेंडोचा गेम कन्सोल स्विच असेल तर पहिल्याच संध्याकाळी 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' या मारामारीच्या खेळासाठी चार कंट्रोलर जमा होतात. अडचण अशी की नव्या खेळात फक्त आठच योद्धे उघडे असतात. उरलेले मिळवायला मुलं हमखास त्यातल्या 'वर्ल्ड ऑफ लाइट' या कथेच्या मोडमध्ये शिरतात आणि दोन दिवसांत वैतागतात.

त्या कामासाठी हा मोड वापरूच नका. तिथे सोडवलेला योद्धा बाकीच्या खेळातही उघडतो, हे खरं. पण हा रस्ता फार लांबचा आहे. चौघांत साध्या लढती खेळत राहा किंवा 'क्लासिक' मोड संपवा, नवे आव्हानवीर आपोआप येतात. त्यांच्याकडून हरलात तरी तेवढ्याने संधी जात नाही, तो नंतर पुन्हा लढायला मिळतो. उलट दिशेने मात्र काही होत नाही: बाहेर उघडलेला योद्धा वर्ल्ड ऑफ लाइटमध्ये उघडा नसतो, तिथे कर्बी या एकाच योद्ध्यापासून सुरुवात.

डिसेंबर २०१८ मध्ये खेळ आला तेव्हा लोकांना वाटलं होतं, याच मालिकेतल्या २००८ च्या 'ब्रॉल' या खेळातल्या 'सबस्पेस एमिसरी' मोडसारखी कथा मिळेल. सुरुवातीची चित्रफीत जोरदार आहे. प्रकाशाचा खलनायक गॅलीम सगळ्या योद्ध्यांना नाहीसं करतो, एकटा कर्बी निसटतो. मग कथा जवळजवळ गप्प बसते ती थेट शेवटपर्यंत. मधे नकाशा आणि त्यावरच्या ठिपक्यांवर शेकड्यांनी स्पिरिटच्या लढाया. स्पिरिट म्हणजे इतर खेळांतल्या पात्रांचे आत्मे; लढाई जिंकली की ते मिळतात आणि आपल्या योद्ध्याला लावता येतात. शिवाय सबस्पेस दोघांना मिळून खेळता येत असे, हा एकट्याचाच. घरात चौघं असतील तर 'हरला की कंट्रोलर पुढच्याला' हा नियम ठेवा.

आता खरी मेख. प्रत्येक लढाईला ताकदीचा आकडा असतो, तुमच्या स्पिरिट-संघालाही. तुमचा आकडा बराच जास्त असेल तर लढाई काही सेकंदांत आटोपते आणि बक्षीसही कमी मिळतं; बराच कमी असेल तर दोन फटक्यांत बाहेर. रटाळपणाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, कारण लोक सगळ्यात बलवान स्पिरिट एकदा लावतात आणि शेवटपर्यंत बदलत नाहीत. आकडा शत्रूच्या जवळपास, किंचित खाली ठेवा. चार ताऱ्यांचं स्पिरिट हातात असलं तरी साध्या ठिपक्यांवर एक-दोन ताऱ्यांचं पुरतं. स्पिरिटची पातळी वाढवणारा खाऊ सगळा एकाच स्पिरिटला भरवू नका. काही स्पिरिट ९९ व्या पातळीला पोचली की त्यांचं वरचं रूप करता येतं, पण ते पहिल्या पातळीपासून सुरू होतं. मोठ्या लढाईच्या तोंडावर हे करू नका.

रंगांचं गणित दगड-कागद-कात्रीचंच आहे. लाल म्हणजे हल्ला, तो हिरव्या पकडीला भारी. हिरवी पकड निळ्या ढालीला, आणि निळी ढाल लाल हल्ल्याला. राखाडी कोणालाच भारी नाही आणि हलकंही नाही.

मुख्य स्पिरिटपेक्षा जास्त लक्ष आधाराच्या स्पिरिटांकडे द्या. मुख्य स्पिरिटला अशी मदतीची स्पिरिटं जोडायला शून्य ते तीन जागा असतात. लढाईआधीच्या पडद्यावर अटी लिहिलेल्या असतात: विषारी जमीन, लाव्हा, विजेची जमीन, जोराचा वारा, धुकं, उलटे होणारे कंट्रोल. बहुतेकांवर प्रतिकार देणारं आधाराचं स्पिरिट असतं. घाईत हा मजकूर न वाचता आत जाणारेच 'हा मोड अन्याय करतो' म्हणतात. विषाची लढाई तीनदा हरल्यावर ताकद वाढवत बसू नका, विषाचा प्रतिकार लावा. आपोआप संघ निवडायची सोय आहे, पण निवड झाल्यावर एक नजर टाकाच. सुरुवातीलाच हातात शस्त्र देणारी स्पिरिटंही आहेत. त्यातला ओर क्लब हा सोटा वावटळी सोडतो आणि अडलेली लढाई फोडतो. तो सर्रास वापरलात तर मजा गेली म्हणून समजा.

एका बैठकीत एकच उपनकाशा घ्या. ड्रॅक्युलाचा किल्ला किंवा स्ट्रीट फायटरचा जगप्रवास यांत थोडी कोडी आहेत, म्हणून ते मोकळ्या नकाशापेक्षा बरे वाटतात. नुसतेच ठिपके दिसले तर आडवाटेचे सोडून द्या, प्रत्येक लढाई जिंकायची सक्ती नाही.

इंदूरच्या उन्हाळ्यात एक जपा. स्विच पाच ते पस्तीस अंशांत वापरायचा यंत्र आहे, आणि इथे दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. हवा मागून आत जाते, वरून बाहेर पडते. डॉक (स्विच टीव्हीला जोडायचा स्टँड) टीव्हीच्या मागे कोंबू नका, आणि कूलरच्या ओल्या झोतातही ठेवू नका. योद्धा आपणहून एकीकडे सरकत असेल तर खेळाला दोष देण्याआधी सेटिंगमध्ये कंट्रोलरच्या काठीचं (स्टिकचं) कॅलिब्रेशन करून पाहा.

शेवट तीन आहेत. फक्त गॅलीमला पाडलंत तर अंधाराचा डार्कॉन जिंकतो, फक्त डार्कॉनला पाडलंत तर गॅलीम. खरा शेवट हवा असेल तर शेवटच्या नकाशावर दोन्ही बाजूंचे शत्रू सारखेच पाडत जा, एका बाजूला सरकू नका. तोल राहिला की मधला रस्ता उघडतो. चुकून वाईट शेवट लागला तरी प्रगती पुसली जात नाही, परत येऊन दुसऱ्या बाजूचे राहिलेले घ्या.