बडोद्यातला बंद केमिकल प्लांट उतरवायचा असेल तर

नंदेसरी, रानोली किंवा मकरपुऱ्यात प्लांट बंद पडला की पहिला फोन भंगारवाल्याला जातो. तो येतो, टाक्यांवर हात थोपटून पाहतो, किलोचा भाव सांगतो, आणि करारात ‘जसं आहे तसं, जिथं आहे तिथं’ एवढी एक ओळ पडते. पुढच्या बहुतेक अपघातांचं मूळ या ओळीत असतं. किलोवर माल घेणाऱ्याला सफाईचे पैसे कुणी दिलेले नसतात. कटर जितका लवकर लागेल तितकी त्याची कमाई. टाकीत काय होतं हे त्याला माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते ऑपरेटर तोवर हिशेब घेऊन घरी गेलेले असतात.

म्हणून कामाचे दोन करार करा. सफाई मालकाने करायची, स्वतःच्या खर्चाने. पाच-सहा जुने ऑपरेटर आणि एक मेंटेनन्सचा माणूस त्यासाठी पगारावर ठेवायचे. प्रत्येक टाकी, रिअॅक्टर आणि लाइन साफ झाल्याचा लेखी दाखला तयार झाला की मगच भंगाराचं टेंडर काढायचं. भावही चांगला येतो, कारण साफ मालावर भंगारवाला जोखमीचे पैसे कापत नाही.

वेळ निवडताना पावसाचा विचार आधी करा. दिवाळीनंतर सफाई सुरू केली तर फेब्रुवारीत कटिंगला हात घालता येतो आणि जूनच्या मध्यापर्यंत जड लिफ्ट उरकतात. पावसाळ्यात काळी माती फुगते, क्रेनचे आउटरिगर खचतात, आणि उघड्या पडलेल्या स्लजवरून (टाक्यांतल्या गाळावरून) वाहिलेलं पाणी थेट कंपाउंडबाहेरच्या नाल्यात जातं.

काय शेवटी काढायचं, ते आधी ठरवा

हायड्रंट लाइन जाड आणि जमिनीलगत असते, कापायला सोपी. म्हणून भंगारात ती सगळ्यात आधी जाते, आणि आग लागते त्या दिवशी नळाला पाणी नसतं. हायड्रंट, सेफ्टी शॉवर, स्क्रबर (विषारी वायू धुऊन काढणारं यंत्र) आणि ईटीपी (प्लांटचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) या चार गोष्टी शेवटपर्यंत चालू राहिल्या पाहिजेत. धुण्याचं सगळं पाणी ईटीपीतच जाणार आहे. एफ्लुएंट चॅनल (कारखान्यांचं सांडपाणी वाहून नेणारा सामायिक कालवा) किंवा सीईटीपीची (सामायिक सांडपाणी प्रकल्पाची) मेंबरशिपही आधी बंद करू नका. सुमारे ५६ किलोमीटरची ही चॅनल शेवटी खंभातच्या आखाताकडे जाते आणि तिच्यात सोडायच्या पाण्याला मर्यादा आहेत. मेंबरशिप गेली तर हजारो लिटर धुवण अंगणात अडकतं. धुण्याच्या पाण्याचा सीओडी (त्यातली घाण मोजणारा आकडा) नेहमीच्या सांडपाण्याच्या कितीतरी पट निघू शकतो, म्हणून ते साठवून थोडं थोडं ईटीपीत सोडा. नाहीतर एरेशन टाकीतले जिवाणू एका दिवसात मरतात.

तोडणं म्हणजे नुसता व्हॉल्व्ह बंद करणं नव्हे. दहा वर्षांच्या व्हॉल्व्हची सीट गळतेच. प्रत्येक टाकीला येणारी लाइन फ्लँजवर (पाइपाच्या बोल्टच्या जोडावर) उघडून ब्लाइंड (बंद चकती) मारा, किंवा मधला तुकडाच काढून दोन टोकांत हवेची मोकळी जागा ठेवा. शेजारचा अर्धा प्लांट चालू असेल तर पाइपरॅकवर रंग लावा: कापायच्या लाइनवर दर दोन मीटरला हिरवा पट्टा, चालू लाइनवर लाल. पट्टा नाही त्या पाइपला कटर लागणार नाही, हे ठेकेदाराच्या मुकादमाकडून लिहून घ्या. विजेचं तसंच. एमसीसीचा (मोटरींच्या कंट्रोल पॅनेलचा) स्विच पाडून भागत नाही. केबलचं टोक काढून अर्थ करा आणि कपॅसिटर बँक डिस्चार्ज झाल्याची खात्री मीटरने करा.

रिकामी टाकी किती रिकामी असते

हे गणित प्रत्येक मुकादमाला करून दाखवावं असं आहे. टोल्यूइन या सॉल्व्हंटची वाफ हवेत सुमारे १.१ टक्के झाली की पेटू शकते. दहा हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये १.१ टक्के म्हणजे ११० लिटर वाफ, आणि तेवढी वाफ व्हायला साधारण अर्धा लिटर टोल्यूइन पुरतं. बॉटम व्हॉल्व्हच्या खोबणीत, डिपपाइपच्या तळाशी, अॅजिटेटरच्या ग्लँडमध्ये एवढं सहज राहतं. मॅनहोलमधून बॅटरी मारून ‘कोरडी आहे’ म्हणणाऱ्याला ते दिसत नाही.

सॉल्व्हंटच्या टाकीचा क्रम असा ठेवा. आधी उरलेला माल एअर-ऑपरेटेड पंपाने ड्रममध्ये काढा. मग पाण्याने भरून रिकामी करा. टोल्यूइनसारखं सॉल्व्हंट पाण्यावर तरंगतं, म्हणून वरच्या नोझलमधून ओव्हरफ्लो होऊ द्या. मग वाफ सोडा. शेल सगळीकडून हाताला सारखं गरम लागेपर्यंत आणि व्हेंटला वास येईनासा होईपर्यंत ती चालू ठेवा. वाफेच्या होजचं नोझल आणि टाकी एकाच अर्थला जोडा, कारण ओल्या वाफेच्या झोतातून स्टॅटिक तयार होतो. वाफ बंद करताना वरचा मॅनहोल उघडाच हवा. तो बंद राहिला तर आतली वाफ थंड होऊन पाणी होते, व्हॅक्यूम पडतो आणि टाकी डब्यासारखी चेपते.

आता गॅस टेस्ट. ती वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी, नळी आत सोडून करायची. मॅनहोलच्या तोंडाशी मीटर धरून नाही. माणूस आत जायचा असेल तर ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या दरम्यान हवा. ज्वलनशील वायू एलईएलच्या (तो पेटू शकतो त्या किमान प्रमाणाच्या) दहा टक्क्यांच्या वर गेला तर कुणीही आत जायचं नाही. गॅस कटर लावायचा असेल तर मीटरवर शून्यच हवं, आणि ते दर तासाला पुन्हा तपासायचं, कारण ऊन चढलं की खपल्यांखालचं सॉल्व्हंट सुटू लागतं.

मीटरच्याही दोन खोड्या आहेत. नेहमीचा कॅटलिटिक सेन्सर आतल्या आत गॅस जाळून मोजतो, त्याला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन मारलेल्या टाकीत तो बिनधास्त शून्य दाखवतो, आणि नंतर मॅनहोल उघडून हवा आत गेली की तीच टाकी स्फोटक होते. उलट, इन्फ्रारेड सेन्सरला नायट्रोजन चालतो, पण हायड्रोजन दिसत नाही. म्हणून ऑक्सिजनचा आकडा आधी वाचायचा, मग दुसरा.

आत उतरणाऱ्याच्या दिव्याला १९४८च्या कारखाने कायद्याने २४ व्होल्टची मर्यादा घातली होती. दिवा किंवा हत्यार २४ व्होल्टच्या वर नको. बाहेर एक माणूस दोरी धरून उभा हवा, आणि त्याला दुसरं कोणतंही काम नको. आतला कोसळला तर बाहेरच्याने मदतीला आत उडी मारायची नाही. दुसरा मृतदेह बहुतेक वेळा अशाच माणसाचा असतो.

सल्फ्युरिक अॅसिडची टाकी

हिच्यासाठी वेगळी पाटी लावली तरी चालेल. ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक साध्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) टाकीत वर्षानुवर्षं राहतं, कारण लोखंडावर सल्फेटचा थर बसतो आणि तो पुढची झीज रोखतो. टाकी रिकामी करून त्यात थोडं पाणी मारलं, किंवा व्हेंटमधून पावसाळी हवा आत शिरली, की अॅसिड पातळ होतं आणि लोखंडाला खाऊ लागतं. त्यातून हायड्रोजन निघतो. तो हलका, म्हणून छताखाली आणि वरच्या बंद नोझलमध्ये साठतो. हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत तो पेटतो. इतका रुंद पल्ला फार थोड्या वायूंचा असतो. छतावर कटर लागला की छप्पर उडतं.

वरची सगळी नोझल उघडा, ब्लोअर लावून हवा खेळती ठेवा. तळाचा गाळ अॅसिडला चालणाऱ्या पंपाने काढा. धुणं सुरू केलं की अर्धवट सोडू नका: भरपूर पाणी आणि पाठोपाठ सोडा अॅश, बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच ६ ते ८ होईपर्यंत, एकाच पाळीत. सोडा अॅशने कार्बन डायऑक्साइड निघतो आणि ऑक्सिजन घटतो, तेव्हा या काळात आत माणूस नको. जुन्या टाक्यांत कधी कधी अॅसिडप्रूफ विटांच्या मागे शिशाचा पत्रा असतो. शिशावर कटर चालवला तर धुरातून शिसं फुप्फुसात जातं. तो पत्रा कात्रीने कापून, गुंडाळून काढा. पहिलं भोक कोणत्याही टाकीला हवेवर चालणाऱ्या ड्रिलने, पाणी मारत, थंडच पाडावं.

कटर लावण्याआधी

पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) लायनिंग असलेले पाइप बाहेरून साध्या पाइपासारखेच दिसतात. फ्लँजवर पांढरी कड दिसली की कटर बाजूला ठेवा आणि बोल्ट खोला. तापून फुटलेल्या पीटीएफईचा धूर विषारी असतो. त्या रात्री ताप, थंडी, अंगदुखी सुरू होते आणि कामगाराला वाटतं मलेरिया झाला. रबर लायनिंगची टाकी बाहेरून कापली तर आतलं रबर धुमसत राहतं आणि तासाभराने आग लागते. ग्लासलाइन्ड रिअॅक्टर कापूच नये. उष्णतेने काचेच्या चिपा उडतात, शिवाय तो अख्खा विकला तर पुन्हा काच चढवण्यासाठी किलोच्या भावापेक्षा चांगले पैसे मिळतात.

जॅकेट, लिंपेट कॉइल (टाकीला बाहेरून वेढलेली नळी), पोकळ शाफ्ट, फ्लोट यांत बंद पोकळी असते. आत पाणी किंवा थर्मिक फ्लुइड राहिलं असेल तर तापून फुटतं. कापण्याआधी प्रत्येक पोकळीला ड्रिलने एक भोक.

हायड्रोजनेशन होत असलेल्या प्लांटमध्ये फिल्टर आणि ऑटोक्लेव्ह उघडताना आत रॅने निकेल हा कॅटलिस्ट आहे असं समजूनच वागा. कोरडं पडलं की ते हवेत आपोआप पेटतं. पाण्याखाली ठेवा, पाण्याखालीच ड्रममध्ये भरा. पॅलेडियम-कार्बनचंही तेच, आणि ते महागही आहे. कचऱ्यात घालू नका.

एका साध्या गोष्टीला मात्र सहज आग लागते: कूलिंग टॉवर. बंद पडल्यावर त्याचे फिल (पाणी पसरवणारे आतले थर) सुकतात, आणि वरच्या लोखंडावर कटर लावला की ठिणगी थेट पीव्हीसी किंवा लाकडी फिलमध्ये पडते. आधी फिल हाताने काढा, मग लोखंड. इतर ठिकाणीही कटरच्या भोवती ११ मीटरपर्यंत जळणारं काही नको, आणि काम थांबल्यावर तासभर एक माणूस बादली-एक्स्टिंग्विशर घेऊन बसलेला हवा. कटरच्या दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर लावा, सिलिंडर उभे बांधा.

वजन, क्रेन, पत्रे

वजनाचा अंदाज डोळ्याने करू नका. दहा मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटर पत्र्याचं वजन ७८.५ किलो. १.२ मीटर व्यासाचा, १२ मीटर उंच कॉलम त्या जाडीत नुसत्या शेलचाच साडेतीन टन भरतो. ट्रे, नोझल, डिश धरून पाच टन समजा, आणि आत भिजलेलं पॅकिंग असेल तर त्याहून जास्त. दोन पायांच्या स्लिंगमध्ये मधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर वजनाचा ०.५८ भाग येतो, १२० अंश झाला तर प्रत्येकावर पूर्ण वजन. क्रेनच्या चार्टवर त्या रेडियसला जी क्षमता आहे तिच्या ७५ टक्क्यांपलीकडे जाऊ नका. शेवटचा बोल्ट सुटल्यावर आधी १५० मिलिमीटर उचलून थांबा, मग हलवा. हायड्राने (छोट्या फिरत्या क्रेनने) लोड लटकवून खड्ड्यांतून चालत जाणं ही आपल्याकडची सवय आहे. ती साइटवर चालू देऊ नका.

स्ट्रक्चर उतरवताना क्रम उभारणीच्या उलट. ब्रेसिंग शेवटी. एखादा रिअॅक्टर स्वतःच बीमला धरून ठेवत असतो, तो आधी काढला की मजला झुकतो. मजल्यावर राडारोड्याचा ढीग साठवू नका.

शेडवरचे सिमेंटचे पत्रे अॅस्बेस्टॉसचे धरा. त्यांच्यावर पाय ठेवू नका. खाली जाळी, वर चालायला फळ्या, कमरेला हार्नेस. आधी पाण्यात थोडं साबण घालून भिजवा, बोल्ट कापा, पत्रा अख्खा खाली घ्या, फोडू नका. दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून टीएसडीएफला (धोकादायक कचऱ्याच्या विल्हेवाट केंद्राला) पाठवा. पाइपावरचं जुनं पांढरं इन्सुलेशन तपासल्याशिवाय फाडू नका.

बाहेर जाणाऱ्या ट्रकसाठी

धोकादायक कचरा २०१६च्या नियमांनुसार ९० दिवसांपेक्षा जास्त जागेवर ठेवता येत नाही, आणि जाताना फॉर्म १०चं मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारा कागद) लागतं. म्हणून टीएसडीएफशी बोलणं स्लज उपसण्याच्या आधी व्हायला हवं. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल पीसीबी या विषारी रसायनासाठी तपासा; ५० पीपीएमच्या वर असेल तर ते भंगारात जाऊ शकत नाही. सॉल्व्हंटच्या टाक्यांचा पेसो (पेट्रोलियम व स्फोटकांवर देखरेख करणारं केंद्रीय खातं) परवाना असेल तर हॉट वर्कआधी सक्षम व्यक्तीचा गॅस-फ्री दाखला लागतो.

आणि लेव्हल गेजवर तीन पाकळ्यांची खूण दिसली तर त्याला हात लावू नका; त्यात किरणोत्सारी स्रोत असतो आणि तो एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) परवानगीनेच पुरवठादाराकडे परत जातो. २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात गेलेल्या कोबाल्ट-६० मुळे एक माणूस दगावला. गेटवर वजनकाट्याशेजारी रेडिएशन मीटर धरायला दोन मिनिटं लागतात.